भूक आवरली, पोषणाचे काय?

अन्नाचा प्रश्न आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी आजवर मांडला तो मुख्यतः अन्नाच्या अपुरेपणाचा प्रश्न म्हणून. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दारिद्र्याची रेषा आखली ती दरमाणशी दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणाऱ्या खर्चाच्या आधारे. त्याच सुमारास डॉ. पां. वा. सुखात्मे आग्रहाने सांगत होते की, गरिबाच्या ताटातील खरी तूट प्रथिनांची नसून उष्मांकांची आहे. भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली, तर प्रथिनांची गरज बव्हंशी त्यातूनच भागते. या मतावर पुष्कळ वाद झाले. परंतु वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही एक गृहीतक मान्य होते : माणसाला भूक लागते, आणि अन्न मिळाले तर तो खातो.

हे गृहीतकच बाजूला सारणारी औषधे आता आपल्या बाजारात आली आहेत. ‘माऊंजारो’ या नावाने टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये, आणि ‘वेगोव्ही’ या नावाने सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची ही औषधे भूक मंद करतात आणि त्यायोगे वजन उतरवितात. माऊंजारोच्या आरंभीच्या मात्रेची कुपी त्या वेळी ३,५०० रुपयांना होती. म्हणजे महिन्याचा खर्च चौदा हजारांच्या घरात. परंतु सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटाची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. देशी कंपन्यांच्या स्पर्धेने किंमत उतरावी आणि औषध मध्यमवर्गाच्या आटोक्यात यावे, हे अर्थशास्त्राच्या साध्या नियमाला धरूनच आहे. तेव्हा प्रश्न असा की, ज्याच्या पोटात मुळी अन्नच कमी जाणार आहे, त्याच्या पोषणाचा हिशेब कोणी ठेवायचा? पोटभर जेवणातून प्रथिने आपोआप मिळतात हा सुखात्म्यांचा तर्क खरा मानला, तर पोटभर न जेवणाऱ्याला ती आपोआप मिळणार नाहीत, हेही ओघानेच आले. हा हिशेब ठेवण्याचे शिक्षण घेतलेला एक व्यवसाय आपल्याकडे आहे. तो म्हणजे आहारतज्ज्ञांचा. आणि नेमका तोच या साऱ्या चर्चेत कोठे दिसत नाही.

यश नाकारू नये

या औषधांकडे श्रीमंतांचे चोचले म्हणून पाहणे योग्य होणार नाही. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक स्रवते. सेमाग्लुटाइड त्याचेच काम अधिक काळ करते. जठर रिकामे होण्याची गती त्यामुळे मंदावते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव लवकर होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ प्रौढांनी भाग घेतला होता. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषधाचा केवळ भास देणारी सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. हृदयविकार व वाढलेले वजन असलेल्या १७,६०४ लोकांवरील २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण वीस टक्क्यांनी कमी झाले. ज्या देशात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, त्या देशाने असे औषध नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही.

तथापि पहिल्या चाचणीतील एक तपशील जाहिरातींत सहसा येत नाही. त्या चाचणीत दोन्ही गटांतील लोकांना दर चार आठवड्यांनी आहार व व्यायामाविषयी सल्ला मिळत होता. रोजच्या गरजेपेक्षा पाचशे उष्मांक कमी असा आहार त्यांना आखून दिला होता आणि आठवड्याला दीडशे मिनिटे शारीरिक हालचाल करण्यास सांगितले होते. याचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही प्रामाणिकपणे स्वीकारले पाहिजेत. पहिला असा की, सल्ला एकटा फारसा प्रभावी ठरला नाही, २.४ हा आकडा तेच सांगतो. दुसरा असा की, १४.९ हा आकडा एकट्या औषधाचाही नाही. तो औषध आणि सल्ला या जोडीचा आहे. परीक्षा झाली ती जोडीची, आणि दुकानात विकला जातो तो तिचा अर्धा भाग.

काट्यावर न दिसणारी तूट

वजनाचा काटा किलो मोजतो. ते किलो कशाचे, हे तो सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या चाचणीतील १४० जणांच्या शरीराची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करण्यात आली, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन पंचमांश भाग चरबीचा नसून चरबीव्यतिरिक्त घटकांचा होता, असे आढळले. यात पाणी व इतर ऊती येतात, तसेच स्नायूही येतात. हा काही या औषधाचाच दोष आहे असे नव्हे. कोणत्याही मार्गाने वजन झपाट्याने उतरले की स्नायू थोडेफार झिजतातच. परंतु पूर्वी एवढे वजन उतरविणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. आता ते लाखांत मोजावे लागतील.

आपल्याकडे या झिजेला विशेष महत्त्व आहे, आणि त्याचे कारण पुण्यातील संशोधनानेच जगापुढे मांडले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मणाऱ्या बालकांचा अभ्यास केला. ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच लहान, स्नायूंनी उणी, परंतु चरबीच्या बाबतीत मात्र तितकी उणी नाहीत, असे त्यांना दिसले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी व जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, असे आपल्या देहाचे हे वैशिष्ट्य आहे.

याचा सरळ अर्थ असा की, स्नायूंची आपली शिल्लक मुळातच तुटपुंजी आहे. मोठ्या शिलकीतून काही रक्कम गेली तर निभावते. लहान शिलकीतून तेवढीच गेली तर दिवाळे निघते. रक्तातील साखर वापरणारे मोठे अवयव म्हणजे स्नायूच. म्हातारपणी जिना चढणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, पडता पडता तोल सावरणे, हे सारे त्यांच्याच जिवावर. पंचावन्नाव्या वर्षी पंधरा किलो उतरविले म्हणून ज्याचे अभिनंदन होते, त्याने त्यांतील पाच-सहा किलो स्नायूंचे गमावले असतील, तर पासष्टाव्या वर्षी त्याची किंमत त्याला चुकवावी लागेल.

ताटाचे गणित

ही झीज पूर्णपणे टाळता येत नाही. ती कमी मात्र करता येते. स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने, हे त्याचे दोन उपाय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची निरोगी प्रौढासाठीची शिफारस वजनाच्या दर किलोस दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ही औषधे घेऊन वजन उतरविणाऱ्यांसाठी अमेरिकेतील चार वैद्यकीय व पोषणविषयक संस्थांनी २०२५ साली जे संयुक्त मार्गदर्शन केले, त्यात हे प्रमाण १.२ ते १.६ ग्रॅम असावे असे म्हटले आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ दिवसाला किमान ८४ ग्रॅम.

आता हे ८४ ग्रॅम मराठी ताटात शोधू. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. एका वाटी वरणात डाळ जाते पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे प्रथिने सहा-सात ग्रॅम. एका अंड्यातही तेवढीच. निव्वळ वरणावर भिस्त ठेवायची तर दिवसाला बारा-तेरा वाट्या प्याव्या लागतील. आणि हे सांगायचे कोणाला, तर ज्याला दोन घास खाल्ल्यावर तिसरा नको वाटतो त्याला! शाळेतल्या शिक्षकाचा किंवा कचेरीतल्या कारकुनाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी चहा-बिस्किटे, मग पोहे, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरणभात. भूक मंदावली की यातून प्रथम गळते ती उसळ, वाटीतले दही आणि डब्यातली भाजी; उरतात चहा, बिस्किटे आणि भाताचे चार घास, कारण ते घशाखाली सहज उतरतात. वजन उतरत जाते, घरचे लोक कौतुक करतात आणि कुपोषण चोरपावलांनी घरात शिरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा देशात स्त्रीच्या ताटातले अन्न आणखी कमी करताना लोहाचा विचार कोणीतरी करावयास नको काय?

येथे आहारतज्ज्ञाचे काम सुरू होते, आणि ते ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ या जुन्या पठडीतले नाही. औषधापूर्वीच्या काळात आहारतज्ज्ञ ‘कमी खा’ असे सांगत असे. आता त्याने ‘पुरेसे खा’ असे सांगावयाचे आहे. जेवणाची सुरुवात भातापोळीने न करता मटकीची उसळ, अंडे, मासळी, पनीर किंवा घट्ट दह्याने करावी. एका वेळचे जेवण दोन-तीन वेळांत वाटावे. मळमळ असेल त्या दिवशी मुगाचे धिरडे आणि ताक चालवावे. बद्धकोष्ठ टाळण्यासाठी पाणी आणि भाजी यांचा क्रम ठरवावा. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण औषध चालू राहणार की मळमळीला कंटाळून महिन्याभरात सुटणार, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. शिवाय सर्वांना एकच तक्ता लागू पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला अधिक प्रथिने अपायकारक ठरू शकतात. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याचे जेवण निम्म्यावर आले आणि इन्शुलिन तेवढेच राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. त्यात एकादशी किंवा रोजा आला तर विचारूच नये. मात्रा बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचाच; परंतु रोगी प्रत्यक्षात काय खातो आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात आणून देणारा माणूस त्या साखळीत हवा.

पूरक वस्तू, पर्यायी नव्हे

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही पर्यायी आणि पूरक वस्तूंतील भेद जाणतो. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू. एक स्वस्त झाली की दुसरीची मागणी घटते. चहा आणि साखर या पूरक वस्तू. एक स्वस्त झाली की दुसरीची मागणी वाढते. ‘आता सुई आली, आहारतज्ज्ञ कशाला हवा?’ असे जे सर्रास बोलले जाते, त्यात औषध व आहारसल्ला या पर्यायी वस्तू आहेत असे गृहीत धरलेले असते. वरील विवेचनावरून त्या पूरक आहेत, हे स्पष्ट व्हावे. औषध जितके स्वस्त होईल तितकी आहारसल्ल्याची गरज वाढेल.

परंतु गरज वाढली म्हणून मागणी वाढतेच असे नाही. वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला विक्रेत्याच्या तुलनेत फारच थोडी माहिती असते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले. येथे तर ग्राहकाजवळ असलेली एकमेव माहिती, म्हणजे काट्यावरचा आकडा, त्याची दिशाभूल करणारी आहे. आकडा उतरतो आहे म्हणून तो समाधानी. झिजणारे स्नायू आणि घटणारे लोह त्याला दिसत नाहीत. जे दिसत नाही त्यासाठी तो पैसे मोजत नाही. आपल्याकडील आरोग्यविम्याचा भरही मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चावर असतो; दवाखान्यातल्या सल्ल्याचे पैसे बहुधा खिशातूनच जातात.

यात आणखी एक अडचण आहे ती औषध थांबविण्याची. चाचणीतील लोकांचे औषध व सल्ला दोन्ही बंद झाल्यावर वर्षभरात त्यांनी उतरविलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. आपल्याकडे औषध थांबेल ते डॉक्टरांच्या सांगण्याने कमी आणि महिन्याच्या अंदाजपत्रकाने अधिक. जूनमध्ये मुलांच्या फिया भरावयाच्या असतात, दिवाळीत पाहुणे असतात. अशा वेळी सुई प्रथम बंद पडणार. जाताना स्नायू गेले आणि येताना केवळ चरबी आली, तर माणूस पूर्वीच्याच वजनाला पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत पोचेल. म्हणून औषध सुरू करताना जितकी, तितकीच ते थांबविताना आहारतज्ज्ञाची गरज आहे.

काही आक्षेप

डॉक्टर स्वतःच हा सल्ला देतील, असे म्हटले जाते. तत्त्वतः हे खरे. परंतु बाहेर चाळीस रोगी ताटकळत असताना एकाच्या डब्यातील पदार्थांची चौकशी डॉक्टरांनी करावी, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. औषधकंपन्याच रुग्णांसाठी मार्गदर्शनाची सोय करतील, असेही सुचविले जाते. ज्याचा नफा सुईच्या खपावर अवलंबून आहे, त्याने नेमलेला सल्लागार सुई थांबविण्याविषयी कितपत मोकळेपणाने बोलेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आहारसल्ल्याच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावा कोठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत औषधाबरोबर आहार व व्यायामाचे सखोल मार्गदर्शन द्यावे असे सुचविले आहे. पण या शिफारशीमागील पुराव्याची निश्चिती कमी आहे, हेही तिने नमूद केले आहे. हे मान्य केले पाहिजे. परंतु पुरावा दुबळा असणे आणि उपयोग नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. औषधाच्या चाचण्यांवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात, कारण पुढे औषध विकता येते. मटकीच्या उसळीची चाचणी घेण्यात कोणाचा स्वार्थ आहे? अशा वेळी तो खर्च सार्वजनिक संस्थांनी उचलला पाहिजे. ब्रिटनने २०२३ साली आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत सेमाग्लुटाइडला मान्यता दिली ती तज्ज्ञ वजनव्यवस्थापन सेवेच्या चौकटीतच, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. औषध एकटे देऊ नये, हा विवेक त्यामागे होता.

उपेक्षेचे मूळ

आहारतज्ज्ञाचा व्यवसाय आपल्याकडे उपेक्षित राहिला याला एक सामाजिक कारण आहे. गृहशास्त्र हा मुलींचा विषय, आणि मुलींचा म्हणून सोपा, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. स्वयंपाकघरातील श्रमाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. त्या श्रमामागील शास्त्र शिकलेल्या व्यक्तीलाही मग आपण किंमत देत नाही. ‘काय खायचे ते आम्हांला आई सांगेल’ असे म्हणणारा गृहस्थ औषधाच्या दुकानात मात्र हजारांच्या नोटा विनातक्रार मोजतो.

उपेक्षेचा दुसरा परिणाम असा की, हे क्षेत्र कोणालाही मोकळे राहिले. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातील उमेदवारी पूर्ण केलेला आहारतज्ज्ञ आणि पंधरा दिवसांच्या शिबिरानंतर पाटी लावून भुकटीचे डबे विकणारा ‘सल्लागार’ यांतील फरक सामान्य माणसाला कळत नाही. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा जो कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे. राज्य परिषदा स्थापून अधिकृत नोंदणी करावी, हा त्याचा हेतू. पण अंमलबजावणी इतकी रेंगाळली की, २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली.

करण्यासारखे

यावर उपाय काही आकाशातून आणावयाचे नाहीत. २०२१ च्या कायद्याखालील नोंदणी नेटाने पूर्ण व्हावी आणि नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय आहारसल्ला देऊ नये. या औषधांची चिठ्ठी लिहिताना औषधापूर्वी एक, मात्रा वाढत असताना दोन-तीन आणि औषध थांबविताना एक, अशा आहारतज्ज्ञाच्या भेटी डॉक्टरांनी चिठ्ठीचाच भाग मानाव्यात. या भेटींत वजनाबरोबर कमरेचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि खुर्चीतून उठण्याची क्षमता यांची नोंद व्हावी. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. विमा कंपन्यांनी आणि सरकारी वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नियमांनी औषधाबरोबर सल्ल्याचाही खर्च मान्य करावा. जिल्हा रुग्णालयांतील मधुमेह चिकित्सालयांत आहारतज्ज्ञाचे पद भरलेले असावे. आणि सल्ला देणाऱ्याने त्याच टेबलावरून भुकटीचे डबे विकू नयेत, एवढा साधा दंडक या व्यवसायाने स्वतःलाच घालून घ्यावा. प्रतिष्ठा मागावयाची तर ती किंमत दिलीच पाहिजे.

अन्नाच्या तुटवड्यातून बाहेर पडण्यासाठी या देशाने दोन पिढ्या कष्ट केले. भरल्या कोठारांच्या देशात सुशिक्षित, मिळवत्या माणसाने औषधाच्या आधाराने भूक जिंकावी आणि पोषण मात्र हरावे, ही विसंगती टाळण्याजोगी आहे. तिच्यासाठी लागणारे शास्त्र आपल्या विद्यापीठांत कित्येक वर्षे शिकविले जात आहे आणि ते शिकून बाहेर पडलेल्या हजारो मुली काम मागत आहेत. औषधाच्या दुकानातील रांग वाढण्याआधी त्यांना दवाखान्यात एक खुर्ची मिळावी, एवढेच मागणे आहे.